डीपी आलाय म्हणतात, आता नेमकं काय बघायचं? (पिंपरी-चिंचवडच्या उदाहरणावरून, फ्लॅटवाल्यांसाठी)

सोसायटीच्या ग्रुपवर एखाद दिवशी एक जड पीडीएफ येऊन पडते, रंगीबेरंगी नकाशा, खाली कुणीतरी लिहितं आपल्या मागून मोठा रोड जाणार, दुसरा म्हणतो नाही हो ते गार्डन आहे, तिसरा म्हणतो हे सगळं बिल्डर लोकांचं सेटिंग असतं, आणि संध्याकाळपर्यंत विषय पार्किंगवर जातो. नकाशा कुणी उघडून बघत नाही. ज्यांची जमीन आहे ते मात्र पहिल्याच दिवशी बघतात, त्यांचा आर्किटेक्ट बघतो, वकील बघतो. म्हणून हा लेख फ्लॅटवाल्यांसाठी, भाड्याने राहणाऱ्यांसाठी, शहरात नव्याने आलेल्यांसाठी. उदाहरणं पिंपरी-चिंचवडची घेतलीत कारण तो भाग मला माहितीय, पण कायदा अख्ख्या महाराष्ट्राला एकच आहे, ठाणे, कल्याण, वसई, पनवेल कुठलेही असाल तरी पायऱ्या याच.

आधी दोन मिनिटं डीपी म्हणजे काय ते. विकास आराखडा. पुढच्या साधारण वीस वर्षांत कुठल्या जमिनीवर घरं होणार, कुठे कारखाने, कुठे शेती तशीच राहणार, रस्ते किती रुंद, शाळा दवाखाना मैदान मंडई स्मशानभूमी कुठे, हे सगळं ठरवणारा कायदेशीर कागद. कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, ऑफिसात सगळे एमआरटीपी म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. वीस वर्षांतून एकदा तरी आराखडा सुधारायचा असं त्यात आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये जुन्या हद्दीचा आराखडा १९९५ चा, १९९७ ला जी गावं आत आली त्यांचा वेगळा आणि नंतरचा, नवनगर विकास प्राधिकरणाचा अजून तिसराच, आणि या सगळ्याला एकत्र करून सुधारित मसुदा आला मे २०२५ मध्ये. दरम्यान २००१ च्या जनगणनेत १० लाख असलेलं शहर २०११ ला १७ लाखांवर गेलं होतं. म्हणजे आराखडा मागे आणि शहर पुढे, हे आपल्याकडे नवीन नाही.

न बघितल्याने काय होतं ते पुनावळेवाल्यांना विचारा. तिथे जुन्या आराखड्यात कचरा डेपोचं आरक्षण होतं, आजूबाजूला टॉवर उभे राहिले, लोकांनी फ्लॅट घेतले, पझेशन मिळालं, आणि मग कळलं. २०२३ मध्ये रहिवाशांना रस्त्यावर उतरावं लागलं, तेव्हा कुठे डिसेंबरमध्ये विधिमंडळात तो डेपो होणार नाही असं जाहीर झालं. आरक्षण लपवलेलं नव्हतं. नकाशावर होतं, कुणालाही बघता आलं असतं.

पायरी १ : तुमची जमीन कुणाच्या अखत्यारीत येते

ही पायरी लोक सोडून देतात आणि मग भलत्याच ऑफिसात अर्ज देतात. पत्ता पुणे लिहिलेला असला म्हणजे पुणे मनपा असं नाही. वाकड, रावेत, मोशी, चिखली, चऱ्होली हे पिंपरी-चिंचवड मनपात. हिंजवडी, माण मनपात नाही, तिथे आयटी पार्कची जमीन एमआयडीसीची (औद्योगिक विकास महामंडळ) आणि बाकीच्या गावासाठी पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). देहूरोडला कॅन्टोन्मेंट. भोसरी-चिंचवडचा औद्योगिक पट्टा परत एमआयडीसी, मनपाच्या हद्दीत असला तरी तिथे बांधकामाची परवानगी एमआयडीसी देते. तुमच्या बिल्डिंगच्या मंजूर प्लॅनवर कुणाचा शिक्का आहे ते बघा, संपला विषय.

पीएमआरडीएच्या हद्दीत असाल तर एक लक्षात ठेवा, त्यांचा २०२१ चा प्रारूप आराखडा २०२५ मध्ये रद्द करायचं सरकारने ठरवलं, त्यामुळे एजंट तो जुना नकाशा दाखवून "इथे आर झोन (रहिवासी) होणार आहे" म्हणत असेल तर हात जोडून बाहेर पडा.

पायरी २ : नंबर शोधा

आराखड्याला तुमच्या सोसायटीचं नाव माहीत नसतं. त्याला गाव माहीत असतं आणि नंबर. जुन्या भागात सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर, चिखली-मोशी-चऱ्होली अशा भागात बहुतेक गट नंबर, गावठाणात सिटी सर्व्हे म्हणजे सीटीएस नंबर. हा नंबर तुमच्या अॅग्रीमेंटच्या शेवटच्या पानांत, शेड्यूलमध्ये असतो, इंडेक्स टूवर (दस्त नोंदणीचा उतारा) असतो, महारेराच्या पानावरही असतो. तो घ्या, महाभूलेखवर सातबारा काढा, महाभूनकाशावर त्या गटाचा आकार बघा आणि शेजारचे चार-पाच गट पण लिहून घ्या, कारण तुमच्या स्वतःच्या गटावर काही नसतं, बिल्डिंग झालेली असते, जे काय होणार ते शेजारच्या मोकळ्या जमिनीवर होणार. लोक स्वतःचा गट बघून "आपलं काही नाही" म्हणून निवांत होतात, इथेच गफलत.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. १ हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, ढोबळ अडीच एकर, गुंठ्यांत जवळपास ९९. हे डोक्यात असू द्या, पुढे लागतं.

पायरी ३ : कागद गोळा करा

मसुदा जाहीर झाला की राजपत्रात आणि स्थानिक पेपरात नोटीस येते, नकाशे मनपाच्या साइटवर टाकतात आणि नगररचना विभागात भिंतीवर लावतात. तुम्हाला चार गोष्टी पाहिजेत. पहिला ईएलयू, म्हणजे आत्ता जमिनीवर काय आहे त्याचा नकाशा. दुसरा पीएलयू, म्हणजे पुढे काय करायचं ठरवलंय तो. तिसरा अहवाल, त्यात लोकसंख्येचा अंदाज आणि आरक्षणांचा तक्ता असतो. चौथं म्हणजे जुना मंजूर आराखडा, तुलना करायला. लोक फक्त पीएलयू डाउनलोड करतात कारण तो रंगीत दिसतो. खरी माहिती तक्त्यात असते, कंटाळवाणा असतो पण तोच वाचायचा.

साइट लोड होत नसेल, आणि पहिल्या आठवड्यात होतच नाही, तर सरळ ऑफिसला जा. भिंतीवरचा नकाशा मोठा असतो, मोबाईलने आपल्या भागाचे फोटो काढा, शीट नंबर आणि कोपऱ्यातली सूची पण फोटोत येऊ द्या. तिथे बहुतेक वेळा एखादे काका उभे असतात ज्यांना आख्ख्या गावाचे गट नंबर तोंडपाठ असतात, त्यांच्याशी बोला, ऑफिसातल्या कुणापेक्षा जास्त माहिती देतील. आणि कायदेशीर कामाला लागणार असेल तर झोन दाखला आणि भाग नकाशा यांचा अर्ज द्या, फी भरून मिळतो, व्हॉट्सॲपवरच्या स्क्रीनशॉटला काडीची किंमत नाही.

पायरी ४ : नकाशा वाचायचा कसा

यावर जरा जास्त लिहितो कारण सगळं इथेच आहे.

रंगांनी सुरुवात करा पण रंगांवर थांबू नका. पिवळा साधारण रहिवासी, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक, लाल सार्वजनिक-निमसार्वजनिक, हिरव्याच्या दोन-तीन छटा, त्यातली एक शेती किंवा ना-विकास आणि एक उद्यान-मैदान. छटा शहरागणिक थोड्या बदलतात म्हणून सूची बघूनच बोला. हिरवं दिसलं की बाग असं समजून नाचणारे लोक मी बघितलेत, ते शेती विभागाचं हिरवं असतं, खाजगी मालकाचं, आणि पुढच्या फेरबदलात ते पिवळं व्हायला वेळ लागत नाही.

मग आरक्षणं. नकाशावर एखाद्या तुकड्याला बॉर्डर करून आत नंबर दिलेला असतो. तो नंबर घेऊन तक्त्यात जा. तिथे त्या नंबरापुढे कशासाठी आरक्षण, गाव, गट नंबर, क्षेत्र आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना, समुचित प्राधिकरण, म्हणजे ही जमीन ताब्यात कोण घेणार, मनपा की एखादं सरकारी खातं. मोशीला २०२५ च्या मसुद्यात कत्तलखान्याचं आरक्षण दाखवलं होतं, आळंदीपासून जवळ, वारकरी मंडळींनी विरोध केला आणि जून २०२५ मध्ये पालखीच्या दिवसांतच मुख्यमंत्र्यांनी ते वगळायचं जाहीर केलं. तेसुद्धा कुणीतरी तक्ता वाचला म्हणून बाहेर आलं. नकाशावर तो नुसता एक तुकडा आणि एक नंबर.

रस्ते. डीपी रोडला रुंदी लिहिलेली असते, ९, १२, १८, २४, ३० मीटर. ही रुंदी फक्त ट्रॅफिकची गोष्ट नाही. मुंबई आणि काही अपवाद सोडून राज्यभर डिसेंबर २०२० पासून यूडीसीपीआर, म्हणजे बांधकामाची एकत्रित नियमावली, लागू आहे, त्यात एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते, रस्त्याच्या रुंदीला बांधलाय. बेसिक १.१०, नऊ मीटरपेक्षा कमी रस्ता असेल तर त्यावर टीडीआर (दुसरीकडे दिलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला बांधकामाचा हक्क) चढत नाही, आणि ३० मीटर किंवा जास्त रस्ता असेल तर प्रीमियम (पैसे भरून घेतलेला जादा एफएसआय) आणि टीडीआर धरून ३ पर्यंत जातं, अॅन्सिलरी (जिने-बाल्कनी वगैरेंसाठीचा) त्याच्या वर. म्हणजे तुमच्या समोरचा १२ चा रस्ता २४ चा झाला तर रस्ता तर रुंद होईलच पण दोन्ही बाजूंना किती मजले उभे राहणार ते पण बदललं. रुंदी वाढली म्हणून पेढे वाटायच्या आधी हे बघा. आणि रस्त्याची रेघ कुणाच्या कंपाउंडमधून जाते ते बघा, झूम करून.

रेघ असून न बघितल्याचं उदाहरण एचसीएमटीआर (मोठ्या क्षमतेच्या सार्वजनिक वाहतुकीचा मार्ग) रिंग रोड. जुन्या आराखड्यातला ३० मीटरचा रिंग रोड, वर्षानुवर्षं नकाशावर होता, त्या जागेवर गुंठा-दोन गुंठ्याचे प्लॉट विकले गेले, लोकांनी आयुष्याची कमाई घालून घरं बांधली, नळ आला, लाइट आली, मनपाची टॅक्सपावती पण आली, आणि २०१७ मध्ये कारवाईची चाहूल लागल्यावर थेरगाव, रहाटणी, पिंपळे गुरव भागात घरं वाचवायला आंदोलन उभं राहिलं. टॅक्सपावती म्हणजे परवानगी नाही. विकणारा कधीच सांगत नाही.

आता रेषा. नदीकाठच्या लोकांनी हे दोनदा वाचा. निळी पूररेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, तिच्या आत बांधकाम नाही. लाल पूररेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, निळी आणि लाल यांच्या मधे अटींवर बांधता येतं. पवना, इंद्रायणी, मुळा तिन्ही नद्या शहराला लागून आहेत. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेत उभे राहिलेले ३६ बंगले मे २०२५ मध्ये पाडले, हरित लवादाचा आदेश होता, सुप्रीम कोर्टातही तो टिकला. लोक गाद्या, कपाटं रस्त्यावर काढत होते ते टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं.

आणि इथला खास घोळ, लाल पूररेषा वेगळी आणि रेड झोन वेगळा. रेड झोन म्हणजे देहूरोडच्या दारूगोळा डेपोच्या आणि दिघीच्या भोवतीचा संरक्षण खात्याचा निर्बंध, देहूरोडला दोन हजार यार्ड. तळवडे, रुपीनगर, चिखली, निगडीचा काही भाग त्यात अडकलाय. तो मनपाच्या हातात नाहीच, त्यासाठी हरकत घेऊन उपयोग नाही, ते दिल्लीचं काम. पण प्लॉट घेताना आधी तेच विचारा. (वसई-विरार, मीरा-भाईंदरवाल्यांनी याच्या जागी सीआरझेड (समुद्र-खाडीकाठचा निर्बंध पट्टा), कांदळवन आणि मिठागरं बघा.)

पायरी ५ : जागेवर जा

नकाशा घरात बसून कळत नाही. रविवारी सकाळी दोघं-तिघं निघा, पीएलयूचा फोटो मोबाईलवर, लोकेशन चालू. बघायचं काय तर ईएलयूवर जे दाखवलंय ते खरंच तिथे आहे का. ओढा दाखवलाय पण बुजवून वर प्लॉटिंग झालंय, किंवा ओढा वाहतोय पण नकाशात नाहीच, शाळेचं आरक्षण आहे आणि तिथे तीन मजली चाळ उभी आहे, रस्त्याची रेघ सरळ हायटेन्शनच्या टॉवरमधून जाते, देवराईसारखी जुनी झाडं आहेत पण नकाशात "मोकळी जागा" लिहिलंय. असलं काही सापडलं की तारीख-लोकेशनसह फोटो काढा. हा पुरावा सोन्यासारखा.

कारण ईएलयू चुकला की पुढचं सगळं चुकतं. मुंबईचा फेब्रुवारी २०१५ चा मसुदा आठवा, उभ्या इमारतींवरून रस्ते काढले होते, चुकाच चुका, शेवटी एप्रिलमध्ये तो बाजूला ठेवून नव्याने करायला सांगितलं, सुधारित मसुदा २०१६ ला आला आणि मंजुरी २०१८ ला. लोकांनी जागेवरच्या चुका दाखवल्या म्हणूनच ते झालं.

पायरी ६ : थोडं गणित

अहवालात लोकसंख्येचा अंदाज असतो, त्याला भागून प्रति माणशी किती मैदान, किती बाग येते ते काढा. केंद्राच्या नियोजन मार्गदर्शिकेत प्रति माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा धरलीय. आपल्या शहरांत त्याच्या जवळपास पण कुणी नसतं, तरी तुमच्या गावाच्या वाट्याला किती हे काढून ठेवा, हरकतीत आकडा लिहिला की वजन येतं. दुसरं, हे अंदाज कुठल्या पायावर? २०११ नंतर २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे सगळे अंदाज जुन्या पायावर उभे. तुमच्या भागात २०११ ला शेत होतं आणि आज पाच हजार फ्लॅट असतील तर सोसायट्यांच्या फ्लॅटची यादी करून जोडा, एवढं साधं काम कुणी करत नाही.

पाण्याचं पण विचारा. रहिवासी झोन वाढवायला शाई लागते, पाणी धरणातून यावं लागतं. शहरात नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे. पवनेची बंद जलवाहिनी २०११ मध्ये मावळात शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार होऊन तीन जीव गेले त्यानंतर वर्षानुवर्षं ठप्प पडली, आणि ते योग्यच होतं की नाही यावर इथे वाद नको, पण आंद्रा-भामा आसखेड धरणांवर भिस्त ठेवून नवीन पिवळा रंग भरताना माणशी रोज १३५ लिटरचा हिशोब अहवालात दिसला पाहिजे एवढं मागायचा आपल्याला हक्क आहे.

पायरी ७ : हरकत-सूचना लिहा

मुदत किती ते नोटिशीत लिहिलेलं असतं, पिंपरी-चिंचवडला ६० दिवस होते, छोट्या गावांत ३० दिवस पण असतात. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, काउंटरवर रांग आणि ऑनलाइन लिंक बंद, हे ठरलेलं आहे.

सगळ्यात मोठा गैरसमज असा की हरकत म्हणजे विरोधच. अजिबात नाही. समर्थनाचं पत्र पण देता येतं आणि ते विरोधाच्या पत्राइतकंच, माझ्या मते जास्तच, महत्त्वाचं आहे. विचार करा, तुमच्या शेजारच्या दोन एकरांवर मैदानाचं आरक्षण पडलं. जमीनमालक नक्की पत्र देणार की काढून टाका, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही दिलं असतं, त्याची वडिलोपार्जित जमीन आहे. तो सुनावणीला येणार, वकील आणणार. आजूबाजूच्या दोन हजार कुटुंबांपैकी एकानेही "हे मैदान ठेवा" असं लिहून दिलं नसेल तर समितीच्या फाइलमध्ये कागद एकाच बाजूचा. मग आरक्षण उठलं की आपण म्हणणार सेटिंग झालं. अरे पण तुमचा कागद कुठेय? म्हणून बाकी काही जमलं नाही तरी चालेल, जे चांगलं दाखवलंय त्याच्या समर्थनाचं पत्र नक्की द्या, आरक्षण नंबर टाकून.

पत्र कसं लिहायचं, हा नमुना :

"प्रति, आयुक्त / नियोजन प्राधिकरण.
विषय : प्रारूप सुधारित विकास आराखडा, मौजे ____, गट नं. ____, आरक्षण क्र. ____ बाबत हरकत (एमआरटीपी अधिनियम १९६६, कलम २६).
१) वरील आरक्षण प्राथमिक शाळेसाठी असून क्षेत्र ____ चौ.मी. दाखवले आहे.
२) या जागेच्या पूर्व भागातून ओढा वाहतो. ईएलयू शीट क्र. ____ वर तो दाखवलेला नाही. फोटो जोडले आहेत (जोडपत्र १ ते ४).
३) मागणी : ओढा ईएलयूवर नोंदवावा आणि शाळेसाठी तेवढेच क्षेत्र त्याच गटाच्या पश्चिम भागात द्यावे.
४) सुनावणीची संधी मिळावी."

बस. एक पान. एका पत्रात एकच मागणी. पाच आरक्षणांबद्दल बोलायचं असेल तर पाच पत्रं. "आराखडा बिल्डरधार्जिणा आहे, रद्द करा" असं लिहिलेल्या पत्राचं समिती काय करणार, तिला उत्तर द्यायला काही हाताशीच नाही. पुण्याच्या २०१३ च्या मसुद्यावर ८० हजारांच्या वर हरकती आल्या होत्या, त्यात एकाच मजकुराचे झेरॉक्सचे गठ्ठे होते, असे गठ्ठे एकत्र बांधून एकच उत्तर मिळतं. सह्या पाचशे घ्या, चांगलंच आहे, पण त्यातल्या वीस जणांनी तरी आपल्या शब्दांत, आपापला मुद्दा लिहावा, कुणी शाळेत जाणाऱ्या पोरांचं, कुणी पावसात तुंबणाऱ्या चौकाचं.

आणि सार्वजनिक सोयीचं आरक्षण नुसतं "काढा" म्हणू नका, "तेवढंच क्षेत्र अमुक ठिकाणी द्या" म्हणा, नाहीतर ते हवेत जातं. स्मशानभूमी, कचरा प्रकल्प, एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण) हे कुणालाच दारात नको असतं हे मान्य, पण शहराला पाहिजेच असतं, त्यामुळे दारातून काढा म्हणताना अंतर, वास, वाऱ्याची दिशा, रस्ता असं काहीतरी ठोस लिहा.

पत्र आवक-जावक मध्ये द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि नंबर घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही. ऑनलाइन दिलं तर पावतीचा प्रिंट काढून ठेवा.

पायरी ८ : सुनावणी

मसुद्यावरच्या हरकती नियोजन समिती ऐकते, कायद्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नगररचना-पर्यावरणाची माहिती असलेले जास्तीत जास्त चार जण अशी रचना आहे. पत्र किंवा मेसेज येतो, तारीख-वेळ असते, बऱ्याचदा दोन दिवस आधी. एका हरकतीला काही मिनिटंच मिळतात. भाषण नको. हरकत नंबर सांगा, नकाशावर बोट ठेवा, फोटो द्या, मागणी वाचा, थँक्यू. सोसायटीतले सगळे सोबत न्या पण बोलायला एकच, आणि तो रागावणारा नको.

तिथे जमीनमालक पण भेटेल. त्याच्याशी भांडू नका, बोला. बऱ्याच वेळा त्याचं म्हणणं आरक्षणाला विरोध नसतो, मोबदला कधी आणि कसा याला असतो. समावेशक आरक्षणात मालक जागेचा काही भाग सोय बांधून मनपाला देतो आणि उरलेली वापरतो, किंवा जमीन देऊन टीडीआर घेतो, दाट वस्ती सोडून बाकी भागात जमिनीच्या साधारण दुप्पट. त्याला हे माहीत असेल तर दोघांचा विरोध मावळतो, असं होतं.

पायरी ९ : समितीनंतर

समितीचा अहवाल, मग बदलांसह आराखडा सरकारकडे. बदल मोठा असेल तर परत नोटीस द्यावी लागते, म्हणजे ज्याच्या जमिनीवर आरक्षण नव्याने ढकललं त्यालाही बोलायची संधी. सरकार कधी आराखडा मंजूर करतं आणि काही भाग बाजूला काढतं, त्याला ईपी म्हणतात, वगळलेला भाग, त्यावर पुन्हा हरकती मागवतात. ही दुसरी नोटीस कुणी वाचत नाही कारण तोवर लोकांना वाटतं आराखडा झाला. ग्रुपमधल्या एखाद्या रिटायर्ड काकांना एवढंच काम द्या, रोज पेपरातल्या जाहीर नोटिसा बघायच्या. पुण्याचा मसुदा २०१३ चा, २०१५ ला सरकारने हातात घेतला, मंजुरी जानेवारी २०१७, तेव्हा काकांना दमाने घ्यायला सांगा.

मधल्या काळात एक गोष्ट, मसुदा जाहीर झाला की तो लगेच थोडाफार लागू होतो. कलम ४६ प्रमाणे परवानगी देताना प्रारूप आराखडा विचारात घ्यावा लागतो. तेव्हा "अजून मंजूर कुठे झालाय" म्हणणाऱ्या एजंटवर विश्वास नको.

पायरी १० : मंजूर झाला, मग?

आरक्षण म्हणजे बाग नव्हे. जमीन अजून मालकाचीच असते. मनपाने ती संमतीने, टीडीआर देऊन किंवा भूसंपादन करून ताब्यात घ्यायची असते. अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत घेतली नाही तर कलम १२७ खाली मालक नोटीस देतो, त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, जमीन मोकळी. आपल्या शहरांत कितीतरी मैदानं अशीच गेलीत, गाजावाजा न होता, फाइल कुठेतरी टेबलावर पडून.

म्हणून मंजुरीची तारीख लिहून ठेवा, आपल्या भागातली चार-पाच आरक्षणं निवडा आणि वर्षातून एकदा नगररचना विभागात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. प्रश्न एवढेच : आरक्षण क्र. ____ चा ताबा मनपाकडे आहे का, असल्यास तारीख. नसल्यास संपादनाचा प्रस्ताव कधी पाठवला, त्याची प्रत. कलम १२७ खाली किंवा खरेदी सूचनेची (जमीन विकत घ्या अशी मालकाची) नोटीस आली आहे का, आल्यास तारीख आणि त्यावर काय कारवाई केली. याच आरक्षणावर कलम ३७ खाली फेरबदलाचा प्रस्ताव आहे का. उत्तर आलं की त्याची झेरॉक्स नगरसेवकाला आणि आयुक्तांना, बजेट फेब्रुवारीच्या आसपास मांडलं जातं त्याच्या दोन-तीन महिने आधी, "या आरक्षणाच्या भूसंपादनासाठी तरतूद करा" एवढ्या एका ओळीच्या पत्राला जोडून. १२७ ची नोटीस आलीय असं उत्तरात दिसलं तर बजेटची वाट बघू नका, २४ महिने नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून मोजले जातात आणि त्यातले किती उरलेत ते आधी बघा.